पावसाळ्यात जुन्या घराचे काम: हातमोजे, पॉलिश पेपर आणि पॉलिश कसे निवडावे

प्रश्न असा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका वडिलोपार्जित कौलारू घराची दुरुस्ती चालू आहे. सागवानी दरवाजे व चौकटी आणि जांभ्याच्या (चिऱ्याचा दगड नव्हे, त्याच नावाचे कठीण लाकूड) तुळया जुन्याच ठेवायच्या आहेत, मागच्या बाजूला वाढवलेल्या दोन खोल्यांचा सिमेंटचा गिलावा महिन्यापूर्वी झाला आहे आणि खिडक्यांना लोखंडी ग्रिल बसवले आहेत. बेळगावातील दुकानदाराने एक डझन निळे पातळ हातमोजे, पॉलिश पेपरच्या 80 पासून 400 पर्यंतच्या प्रत्येक नंबरची दहा-दहा पाने आणि मेलामाइन पॉलिशचा संच अशी यादी करून दिली आहे. ही यादी योग्य आहे का आणि गणपतीपर्यंत काम पुरे होईल का, असे आपण विचारले आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण खरेदी त्यावरच अवलंबून आहे. आतले दरवाजे आणि तुळया गणपतीपर्यंत होतील. बाहेरचा मुख्य दरवाजा घासून, तेल पाजून ठेवता येईल, पण त्याचा शेवटचा हात दसऱ्यानंतरच मारावा. नव्या खोल्यांना पुट्टी आणि रंग या पावसात देऊ नये. दुकानदाराची यादी कोरड्या हवेतल्या नव्या फर्निचरसाठी ठीक आहे. आपले घर जुने आहे, तालुका कणकुंबीच्या पावसाचा आहे आणि चार निरनिराळ्या प्रकारची कामे एकाच छताखाली चालू आहेत. मी बत्तीस वर्षे सुतारकाम आणि पॉलिश करीत आलो आहे. माझा अनुभव असा की, या तिन्ही वस्तूंची खरेदी करताना आधी विचारावयाचे एवढेच असते, की त्या दिवशी हाताला नेमके काय लागणार आहे: कुसळ, ओला चुना-सिमेंट, थिनर की फिरते चाक. हातमोजा त्यावर ठरतो, आणि थोड्या फरकाने कागद आणि पॉलिशही.

हातमोज्यांपासून सुरुवात करू. निळे पातळ हातमोजे नायट्राइलचे असतात आणि त्यांची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. बोळ्याने पॉलिश लावताना, तेल पुसताना किंवा थोडा वेळ रंग ढवळताना ते उत्तम. पण जुन्या जांभ्याच्या तुळईवरून ते घालून हात फिरवलात, तर पहिल्याच कुसळाने फाटतील. त्या कामासाठी नायलॉनच्या विणीचे, तळव्याला नायट्राइलचा थर दिलेले हातमोजे घ्यावेत. त्यांच्या पाठीवर हातोडीचे चित्र आणि त्याखाली चार अंक व बहुधा एक अक्षर छापलेले असते. ही ईएन 388 या युरोपीय मानकाची खूण आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांतही आता बहुतेक चांगल्या हातमोज्यांवर ती असते. पहिला अंक घासण्याला टिकण्याचा, दुसरा पात्याने कापण्याला, तिसरा फाटण्याला आणि चौथा टोचण्याला टिकण्याचा. पहिल्या अंकाची पायरी 100 फेऱ्यांपासून सुरू होते आणि 4 या सर्वोच्च पायरीला 8000 फेऱ्या टिकावे लागते. घासकामाला पहिला अंक 3 किंवा 4 असलेला जोड घ्यावा; कुसळांसाठी चौथा अंक किमान 2 असावा. दुसऱ्या अंकासाठी जास्त पैसे मोजण्याची आपल्याला गरज नाही, काच किंवा पत्रा हाताळणाऱ्याला आहे.

माप ही आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळावी. जितके इंच येतील तोच साधारण हातमोज्याचा नंबर असतो. आठ इंच आले तर 8, नऊ आले तर 9. ढिला हातमोजा बोटांच्या टोकाशी लोंबतो, कागद नीट धरता येत नाही आणि मग गडी तो काढून खिशात ठेवतो. कामगार हातमोजे घालत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मालकाने सगळ्यांना एकाच मापाचे जोड आणून दिलेले असतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा विषय वेगळा आहे. ताज्या सिमेंटच्या कालव्याचा सामू 12 ते 13 असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते. त्याशिवाय सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो आणि त्यामुळे काही गवंड्यांच्या हाताला कायमची खाज जडते. सिमेंटची भाजणी लागलीच दुखत नाही. सकाळी कातडीवर राहिलेला कालवा संध्याकाळी झोंबू लागतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड येतो. सुती हातमोजे येथे उपकारापेक्षा अपकार जास्त करतात, कारण भिजलेले सूत कालवा दिवसभर कातडीला चिकटवून ठेवते. गवंड्याला मनगटाच्या वर जाणारे जाड रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे द्यावेत आणि ते आतून ओले झाले की बदलावेत. विटा व चिरे वाहणाऱ्यांना तळव्याला सुरकुतलेला लॅटेक्स असलेले हातमोजे पावसातही पकड देतात. चामडी हातमोजे ग्रिलच्या वेल्डिंगपुरते ठेवावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते एकदा भिजले की वाळल्यावर लाकडासारखे कडक होतात.

थिनरच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. लॅटेक्सचा हातमोजा थिनरमध्ये फुगतो आणि चिकट होतो, हे डोळ्यांना दिसते म्हणून बरे. पातळ नायट्राइलचे तसे नाही. टर्पेंटाइनला ते बऱ्यापैकी टिकते, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिशच्या थिनरमध्ये टोल्युइन आणि ॲसिटोनसारखी द्रव्ये असतात. ती पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांत आत झिरपतात आणि हातमोजा मात्र वरून धडधाकट दिसत राहतो. म्हणून थिनरचे काम असेल तेव्हा पातळ हातमोजा शिंतोड्यांपुरताच मानावा, भिजला की टाकावा, आणि हात बुडवण्याची वेळ येऊ नये अशी कामाची रीत ठेवावी. ब्रश धुण्यासाठी जाड हिरवे नायट्राइल घ्यावे. काम संपल्यावर थिनरनेच हात धुण्याची आमच्या लोकांची सवय तर दिवसभराच्या काळजीवर पाणी ओतते. खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुतले तरी रंग निघतो.

आणखी एक द्रव आपल्या भागात आहे, ज्याचा उल्लेख बाहेरच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. खानापूर आणि चंदगडकडच्या काजू कारखान्यांतून निघणारे काजूच्या टरफलाचे काळे तेल वाशांना व तुळयांच्या भिंतीत जाणाऱ्या टोकांना वाळवीसाठी लावण्याची चाल आहे. चाल चांगली आहे आणि मीही ते वापरतो. पण हे तेल बिब्ब्याच्या कुळातले आहे आणि उघड्या कातडीला लागले तर उततेच. जाड नायट्राइल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब दांड्याचा ब्रश यांशिवाय त्याला हात लावू नये. एकदा लावल्यावर त्या भागावर मशीनने घासणेही टाळावे, कारण मग तेच तेल धुळीबरोबर मानेवर आणि पापण्यांवर बसते.

आता हातमोजे कधी घालू नयेत, हेही सांगितले पाहिजे. उभे ड्रिल, चकती करवत, लेथ, बेंच ग्राइंडर, म्हणजे जिथे यंत्र एका जागी उभे आहे आणि आपण हाताने लाकूड पुढे सरकवतो, तिथे हातमोजा हा धोका आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात उभ्या ड्रिलवर चौकटीची भोके पाडताना माझ्या डाव्या हातातल्या सुती हातमोज्याचा सुटलेला एक धागा बिटाला गुंडाळला गेला. धागा तुटला नाही. हातमोजा आवळला गेला आणि त्याबरोबर बोटही ओढले गेले. पट्टा जुना आणि ढिला असल्यामुळे तो घसरला व ड्रिल थांबले, म्हणून आज त्या बोटाचे फक्त टोक वाकडे आहे. हातातल्या ग्राइंडरला घट्ट बसणारे, मनगटाशी आवळलेले हातमोजे चालतात. ढिले कधीच नाहीत.

आता कागद. त्याला आपण पॉलिश पेपर म्हणतो, जुने सुतार काचकागद म्हणत आणि उत्तरेकडून आलेले रंगारी रेगमाल म्हणतात. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, भाव मराठीत आणि पानामागची अक्षरे इंग्रजीत, अशी आपल्याकडची खरेदी असते, म्हणून पानामागे काय छापले आहे ते वाचता येणे फायद्याचे आहे. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. नंबरापूर्वी पी हे अक्षर असेल तर ते युरोपीय मापन असते: पी 80 चा कण सरासरी 200 मायक्रॉनचा, पी 120 चा 125, पी 180 चा 82, पी 240 चा सुमारे 58, पी 320 चा 46 आणि पी 400 चा 35 मायक्रॉनचा असतो. पी नसेल तर मापन बहुधा अमेरिकी असते, आणि बारीक नंबरांत दोहोंत फरक पडतो. पी नसलेला 320 हा जवळपास पी 400 इतका बारीक असतो. एकाच दरवाज्याला दोन्ही मिसळले, की कुठला ओरखडा कुठून आला ते शोधत बसावे लागते. काही दुकानांत अजून शून्य, एक, दीड, दोन अशा जुन्या नंबरांचा काचकागद मिळतो. त्यात उलटे आहे: आकडा वाढला की कण जाडा.

कागदाचे खरे काम समजले की दहा-दहा पानांची यादी का चुकीची ते आपोआप कळते. पहिला कागद लाकूड सपाट करतो आणि स्वतःचे ओरखडे मागे ठेवतो. पुढच्या प्रत्येक कागदाने फक्त मागच्याचे ओरखडे काढायचे असतात. म्हणून 80 वरून एकदम 220 वर उडी मारली, तर 220 चा कागद 80 चे खोल ओरखडे काढू शकत नाही, फक्त त्यांचे काठ गुळगुळीत करतो. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की दिसतात. 80, 120, 180 आणि शेवटी 220 किंवा 240, एवढ्या पायऱ्या उघड्या लाकडाला पुरतात. 320 आणि 400 उघड्या लाकडाला लावू नयेत. सागवानावर ते पृष्ठभाग इतका दाबून चकचकीत करतात, की तेल आणि डाग आत जातच नाहीत. ते पॉलिशच्या दोन हातांमधल्या घासणीसाठी आहेत.

एक पायरी पुरी झाली की नाही, हे नजरेच्या अंदाजाने ठरवू नये. मी सुताराच्या जाड पेन्सिलीने फळीवर आडव्या-तिडव्या हलक्या रेषा काढतो आणि त्या पूर्ण जाईपर्यंत त्याच नंबरने घासतो. रेषा कडेला गेल्या आणि मध्ये राहिल्या, तर मध्ये खळगा आहे हेही तेवढ्यात कळते. मग खोलीत अंधार करून बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून तिरपी धरतो. लाकडाच्या धाग्यांना आडवा गेलेला एकेक ओरखडा सावली टाकतो. 180 झाल्यावर पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने लाकूड एकदा पुसावे. पाण्याने लाकडाचे बारीक धागे ताठ उभे राहतात आणि हात फिरवला तर वाढलेल्या दाढीसारखे लागतात. पूर्ण वाळल्यावर 220 ने, नवा कागद घेऊन, हलक्या हाताने ते कापले की पॉलिशखाली पुन्हा उठत नाहीत. पावसात हे वाळायला एक रात्र लागते, उन्हाळ्यात तासाभरात होते.

कणाच्या जातीलाही महत्त्व आहे. तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड लाकडाला आणि मशीनला चांगले, कारण तो कण चिवट असतो. काळे सिलिकॉन कार्बाइड जास्त धारदार पण ठिसूळ. वॉटर पेपर त्याचाच असतो आणि पॉलिशच्या हातांमध्ये, दगडाला व पाण्याबरोबर घासायला तो वापरतात. पांढरट पूड लावल्यासारखा दिसणारा कागद मिळतो. त्यावर स्टिअरेटचा थर असतो, त्यामुळे सीलर (पॉलिशखालचा अस्तराचा हात) किंवा पुट्टीची भुकटी कणांत कोंबली जात नाही. तो थोडा महाग असला तरी सीलरवर साध्या कागदाच्या दुप्पट-तिप्पट चालतो असा माझा अनुभव आहे. सागवानात सिलिका असते, तीच रंध्याचे पाते बोथट करते आणि कागदाचीही धार मारते. जांभा तर नुसता कठीण. कागद बोथट झाला की माणूस जोर वाढवतो, लाकूड तापते, तेलकट भुकटीचे काळे ठिपके कागदावर चिकटतात आणि तेच ठिपके पुढे ओरखडे पाडतात. जोर लावावासा वाटला की कागद बदलावा. साडेतीन फुटी दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना, हाताने करायचे असल्यास, 80 ची चार-पाच पाने, 120 ची तीन, 180 व 220 ची दोन-दोन लागतात. म्हणजे जाड कागद जास्त आणि बारीक कमी, सारखे कधीच नाही.

पावसाळ्यात कागद कुठे ठेवला यावरही पुष्कळ अवलंबून असते. स्वस्त कागदात कण सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस दमट हवेत मऊ पडतो. दुकानात पानाचा कोपरा दुमडून दोन कणदार बाजू एकमेकींवर घासून पाहाव्यात. वाळू गळू लागली तर ते पान घेऊ नये. घरी झाकणाच्या डब्यात, सपाट ठेवावा. पान चौपट फाडून लाकडी गुटक्याला गुंडाळावे. नुसत्या बोटांनी घासले की बोटांच्या मधल्या जागा उंच राहतात. कोरीव पट्ट्यांसाठी मात्र बोटच बरे, आणि तेथे कापडी पाठीचा एमरी लागतो.

जुन्या रंगाबद्दल एक गंभीर सूचना आहे. घरगुती रंगातील शिसे 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा केंद्राचा नियम 2016 सालचा असून तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या, विशेषतः आजोबांच्या काळातल्या हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते असेच धरून चालावे. असा रंग कोरडा घासू नये आणि मशीन तर मुळीच लावू नये. खरवडणीने किंवा रंग काढण्याच्या रसायनाने काढावा, उरलेला वॉटर पेपरने ओला घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, आणि ते काम चालू असताना मुले व गरोदर स्त्रिया त्या घरात नसाव्यात. सागवानाची किंवा पुट्टीची भुकटीही निरुपद्रवी नाही. लाकडाची धूळ आणि स्फटिकी सिलिका या दोन्हींची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 च्या दशकातच निश्चित कर्करोगकारकांत केली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. आयएस 9473 ची खूण आणि एफएफपी 2 दर्जा असलेला मास्क घ्यावा.

भिंतींचे थोडक्यात सांगतो. गिलाव्याला कोरड्या दिवसांतही 28 दिवस द्यावे लागतात आणि आपल्या पावसात तेवढ्याने भागत नाही. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, किमान 16 तास ठेवावे. आतून घाम दिसला किंवा गिलावा गडद झाला, तर थांबावे. ओल्या भिंतीवर पुट्टी दिली तर पांढरा लोणा फुटतो आणि पुढच्या वर्षी पापुद्रे निघतात. वेळ येईल तेव्हा पुट्टीला 150 आणि मग 220 चा स्टिअरेटचा कागद पुरतो. जुन्या चुन्याच्या भिंतींना प्लास्टिक रंग देऊ नका, त्या श्वास घेतात, चुनाच द्या.

ग्रिलला गंज काढण्यासाठी वायर ब्रश आणि 60 व 80 ची फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची, कणदार पट्ट्यांची चकती), सांध्यांना एमरी, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर, कारण घासलेले लोखंड आपल्याकडे रात्रीतून पुन्हा तांबडे होते. चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात: 100 मिलिमीटरच्या चकतीवर 15,300 आणि 180 च्या चकतीवर 8,500. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 किंवा त्याहून जास्त फेरे घेतो. गार्ड काढून त्याला सात इंची चकती लावणारे फॅब्रिकेटर मी पाहिले आहेत. आपल्या अंगणात ते करू देऊ नका. कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, तेही पाहावे. चकतीतला राळेचा बंध दमट हवेत कमकुवत होतो.

आता पॉलिश. मेलामाइन आणि एनसी ही बंद, कोरड्या खोलीतली पॉलिशे आहेत. दमट हवेत थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि थर वाळताना दुधी होतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या घाईत मी एका घराच्या देवघराच्या दरवाज्याला भर श्रावणात एनसीचा शेवटचा हात मारला. बाहेर भुरभुर पाऊस होता, यजमान घड्याळ पाहत होते. अर्ध्या तासात काळपट शिसवी दरवाज्यावर ताकाचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी झाक आली. रिटार्डर (सावकाश उडणारे थिनर) मारून ती बरीचशी गेली, पण खालच्या कोपऱ्यात राहिली. तो दरवाजा पुढच्या मार्चमध्ये मी पदरचे सामान घालून पुन्हा केला. तेव्हापासून खोलीत आर्द्रतामापक लटकवतो आणि काटा 80 टक्क्यांच्या वर असेल, तर डबा उघडत नाही. दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचेही तसेच: त्याचा हार्डनर ओलाव्याशी संयोग पावतो आणि थरात बारीक फुगे धरतात.

म्हणून आपल्या आतल्या दरवाज्यांना आणि तुळयांना मी या ऋतूत तेल सुचवतो. जवसाचे उकळलेले तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, निम्मे टर्पेंटाइन मिसळून पहिल्या हाताला पाजावे, वीस मिनिटांनी वरचे सगळे पुसून काढावे, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी दोन हात, दर वेळी कमी टर्पेंटाइन घालून, द्यावेत. पुसायचे राहिले तर चिकट साय धरते आणि पावसात ती आठवडाभर वाळत नाही. सागवान मुळात तेलकट असल्यामुळे पहिल्या हातापूर्वी थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्यावे. लाखेचे स्पिरिट पॉलिशही सुंदर दिसते. लिटरभर स्पिरिटला 200 ते 250 ग्रॅम चपडा लाख हे प्रमाण बोळ्याला बरोबर पडते. पण तेही दमट हवेत दुधी होते आणि त्यावर ओला तांब्या ठेवला की डाग पडतो, म्हणून ते दिवाळीनंतर कपाटांना करावे. भेगा भरायला खडूची भुकटी आणि बेलतेल मळून लांबी करावी, त्यात त्याच लाकडाची 120 च्या कागदाची भुकटी मिसळली की रंग जुळतो. हातांमधल्या घासणीला स्टील वूल टाळावे. ऐनासारख्या कषाय लाकडात त्याचा तुटलेला तार अडकला आणि ओल लागली, की काळा ठिपका उमटतो. नायलॉनची घासणी वापरावी.

बेलतेलाचे भिजलेले फडके कधीही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. गोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडके पेटते. वडगावातील आमच्या जुन्या शेडमध्ये दुपारी कोनाड्यात टाकलेल्या फडक्यांतून रात्री आठ वाजता धूर निघताना मी स्वतः पाहिला आहे, शेजारीच भुश्याचे पोते होते. फडके बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवावेत. पावसात ते जमत नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

बाहेरच्या मुख्य दरवाज्याला आता फक्त बेलतेलाचे दोन हात द्या. पश्चिमेचे ऊन आणि झड दोन्ही त्याला लागते, आणि पारदर्शक थर तिथे सर्वांत आधी सोलतो; दसऱ्यानंतर, तेल पूर्ण वाळल्यावर, 240 ने हलका घासून बाहेरच्या वापराचा, अतिनील किरणांना टिकणारा व्हार्निश तीन हात द्यावा, खालच्या कडेला विसरू नये, कारण पाणी तिथूनच वर चढते.

तेव्हा दुकानदाराकडे परत जाताना मेलामाइनचा संच आणि 320 व 400 ची पाने बदलून घ्या. त्याऐवजी 80 ची पाने वाढवा, स्टिअरेटचे 220 पुट्टीच्या वेळी आणा, गड्यांची मापे टेपने घेऊन नायट्राइल तळव्याचे जोड घ्या, गवंड्यासाठी आणि काजूतेलासाठी जाड लांब हातमोज्यांचे दोन वेगळे जोड घ्या. निळ्या पातळ हातमोज्यांचे डझन तेवढे राहू द्या. बेलतेलाच्या तीन हातांना ते सगळे लागतील.